‘लिटरली’चं बिघडलंय तरी काय?

एकाच इंग्रजी क्रियाविशेषणाविषयी इतकी पत्रं साठली, की या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकलं आहे. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न (सातारा) : माझी मुलगी बारावीला आहे. दिवसातून दहादा ‘मी लिटरली मेले’, ‘लिटरली वेड लागलं’ असं म्हणते. आम्ही शाळेत ‘लिटरल’ म्हणजे शब्दशः असं शिकलो. शब्दाचा खरा अर्थ काय आणि तो इथवर आला कसा?

मुळाशी लॅटिन ‘लिट्टेरा’ आहे. त्याचा अर्थ अक्षर. त्यावरून ‘लिट्टेरालिस’, म्हणजे अक्षरांसंबंधीचा. जुन्या फ्रेंचमधून हे विशेषण चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत ‘लिटरल’ होऊन आलं. शेवटचं ‘ली’ तेवढं इंग्रजीचं घरचं आहे. विशेषणाचं क्रियाविशेषण करणारा तो नेहमीचा प्रत्यय.

सुरुवातीला हा शब्द धर्मग्रंथ वाचणाऱ्यांच्या तोंडी होता. मध्ययुगीन युरोपात बायबलमधलं वचन चार पातळ्यांवर वाचण्याची रीत होती. ठरलेलं उदाहरण जेरुसलेमचं : अक्षरार्थाने ते एक शहर, रूपकार्थाने चर्च, नीतीच्या अंगाने माणसाचा आत्मा आणि परलोकाच्या अंगाने स्वर्गातली नगरी. यातली पहिली पातळी ती ‘लिटरल’. म्हणजे जन्मापासूनच या शब्दाचं काम ‘इथे रूपक शोधू नका’ असं सांगण्याचं. भाषांतराविषयी बोलताना ‘शब्दाला शब्द ठेवून’ हा अर्थही जुनाच आहे, आणि तुम्ही शाळेत शिकलात तो हाच.

सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याला नवं काम मिळालं. जॉन ड्रायडनने १६८७ च्या एका दीर्घ कवितेत ‘माझी रोजची भाकर लिटरली याचना करून मिळते’ अशा अर्थाची ओळ लिहिली. ‘रोजची भाकर’ हे ख्रिस्ती प्रार्थनेतलं, सवयीने उच्चारलं जाणारं पद. एरवी हे म्हणायचं म्हणून म्हणतात, पण इथे ते जसंच्या तसं खरं आहे, असं ‘लिटरली’ तिथे बजावतो. शब्द अजून प्रामाणिक आहे, फक्त त्यात जोर आला आहे. पुढचं सगळं या जोरामुळे घडलं.

ज्या वाक्यात गोष्ट मुळीच खरी नाही, तिथेही जोरासाठी हा शब्द घातल्याचं ऑक्सफर्डच्या कोशातलं सर्वांत जुनं उदाहरण १७६९ मधलं आहे. फ्रान्सिस ब्रूक या लेखिकेच्या, कॅनडात घडणाऱ्या पत्ररूप कादंबरीत एक तरुण सुंदर स्त्रियांच्या घोळक्यात येऊन पडतो, त्याच्याविषयी म्हटलं आहे की हे म्हणजे ‘लिटरली लिलीच्या फुलांत चरणं’. गंमत अशी, की लिलींमध्ये चरण्याची ही प्रतिमा बायबलमधल्या ‘गीतरत्ना’तली आहे, आणि अक्षरार्थ घ्यायचा की रूपक, यावर ज्या पुस्तकाबद्दल शतकानुशतकं वाद झाला ते हेच.

तेव्हा तुमच्या कन्येचं ‘लिटरली मेले’ अडीचशे वर्षं जुनं आहे. मोबाइलला दोष देता येणार नाही. दिवसातून दहादा, ही तक्रार मात्र वेगळी. तिचं उत्तर व्युत्पत्तीत नाही.

प्रश्न (डोंबिवली) : काही वर्षांपूर्वी बातमी होती की चूक इतकी पसरली, की शेवटी शब्दकोशांनी हार मानून ‘लिटरली’चा उलटा अर्थ मान्य केला. म्हणजे आता ‘लिटरली’ म्हणजे ‘आलंकारिक अर्थाने’?

बातमीत दोन गोष्टी चुकल्या होत्या.

पहिली काळाची. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने जोराचा हा उपयोग २०११ मध्ये नोंदवला, वर्तमानपत्रांच्या ते लक्षात आलं २०१३ मध्ये, आणि ओरड झाली ती जणू कालच भिंत पडली अशी. पण अमेरिकेत वेबस्टरच्या कोशाने १९०९ च्या आवृत्तीतच ‘अनेकदा अतिशयोक्तीने वापरतात’ अशी नोंद केली होती. त्याच १९०९ साली अँब्रोझ बिअर्स या अमेरिकी लेखकाने चुकीच्या प्रयोगांची एक यादी छापली आणि ‘ओढा लिटरली माशांनी जिवंत झाला होता’ या तऱ्हेच्या वाक्यांवर कोरडे ओढले. अतिशयोक्ती वाईटच, पण ती खरी असल्याची ग्वाही देणं असह्य, असं त्याचं म्हणणं. १९२६ मध्ये इंग्रज कोशकार फाउलरनेही आपल्या प्रसिद्ध कोशात हेच दुखणं मांडलं : जिथे ‘खरोखर नव्हे, बोलण्याची रीत म्हणून’ असं सांगायला हवं, नेमका तिथेच लोक हा शब्द घालतात. म्हणजे चूक म्हणणारे आणि नोंद करणारे शंभर वर्षांहून अधिक काळ शेजारी नांदताहेत.

कोशातली नोंद ही मान्यतेची मोहोरही नसते. लोक शब्द कसा वापरतात ते कोश लिहून ठेवतो आणि सोबत शेरा देतो. ऑक्सफर्डचा शेरा स्पष्ट आहे : हा उपयोग बोलीतला आहे, आणि तो मूळ अर्थाच्या विरुद्ध जात असल्यामुळे प्रमाण इंग्रजीत अनेकांना खटकतो.

दुसरी चूक अर्थाची, आणि ती जास्त महत्त्वाची. ‘लिटरली’चा अर्थ ‘आलंकारिक अर्थाने’ असा कधीच झालेला नाही. पडताळून पाहा. ‘मी लिटरली मेले’ याच्या जागी ‘मी आलंकारिक अर्थाने मेले’ ठेवा. कोणीही असं म्हणणार नाही. बोलणारीला आपलं वाक्य अलंकार म्हणून जाहीर करायचं नसतं, तिला ते आणखी ताणायचं असतं. आलंकारिक असतं ते ‘मेले’. ‘लिटरली’ त्याला नुसता रेटा देतो.

खरेपणा सांगणारे शब्द असे झिजून जोराचे होतात, हा भाषांचा जुना शिरस्ता आहे. इंग्रजीतला सर्वांत साधा ‘व्हेरी’ घ्या. तो जुन्या फ्रेंचमधल्या ‘खरा’ या अर्थाच्या शब्दातून आला, आणि त्याच्या मागे लॅटिन ‘व्हेरुस’, म्हणजे सत्य. आज ‘व्हेरी गुड’ म्हणताना सत्याची आठवणही कोणाला होत नाही. ‘रिअली’ आणि ‘ट्रूली’ त्याच वाटेने गेले. भीतीचे शब्दही जातात : ‘टेरिबली’, ‘ऑफुली’. आपल्याकडे ‘भयंकर गोड मुलगी’ म्हणताना कोण घाबरतं? ‘लिटरली’ या रांगेत थोडा मागे आहे, म्हणून त्याची झीज अजून दिसते, इतकंच.

आणखी एक. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेम्स जॉइसच्या ‘द डेड’ या कथेचं पहिलंच वाक्य सांगतं, की रखवालदाराची मुलगी लिली पाहुण्यांची उठबस करताना ‘लिटरली’ पायांवरून उखडली गेली होती, म्हणजे धावपळीने पार दमली होती. जॉइसला इंग्रजी येत नव्हतं असं म्हणण्याचं धाडस कोणी करणार नाही. समीक्षक ह्यू केनर यांनी दाखवलं, की हा शब्द निवेदकाचा नाही, लिलीच्या तोंडचा आहे. निवेदन गुपचूप तिच्या बोलीत शिरलं आहे. शब्द ‘चुकीचा’ असला तरी लेखकाला त्याचा असा उपयोग करता येतो.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : मी निवृत्त संस्कृत शिक्षक. इंग्रजीला हसण्याआधी आपण आपलं ‘अक्षरशः’ तपासावं असं मला वाटतं. ‘अक्षरशः पैशांचा पाऊस पडला’ हे आपण लिहितोच की. आपलं मत?

पूर्ण सहमत.

‘अक्षरशः’ची घडण आपण जाणताच, इतरांसाठी सांगतो. ‘शस्’ हा प्रत्यय पाणिनीने वीप्सेच्या अर्थी, म्हणजे ‘एकेक करून’ अशा अर्थी सांगितला आहे. क्रमशः, खंडशः, शतशः या शब्दांत तोच आहे. त्यामुळे अक्षरशः म्हणजे एकेक अक्षर घेऊन, एकही न गाळता. लॅटिन शब्दाच्या पोटातही अक्षरच. जर्मनमधला ‘बुखष्टेब्लिश’ हा ‘बुखष्टाब’पासून, म्हणजे पुन्हा अक्षरापासून, रशियन ‘बुकवाल्नो’ ‘बुकवा’पासून, तेही अक्षरच. आणि या चारही भाषांत शब्द ‘अक्षर न अक्षर’पासून निघून जोराकडे आले आहेत. वाट एकच आहे. इंग्रजीवर राग निघतो, कारण तिच्यावर डोळे जास्त.

मराठीने मात्र एक सोय करून ठेवली आहे, जी इंग्रजीकडे नाही. आपल्याकडे ‘शब्दशः’ काटेकोर राहिला आणि ‘अक्षरशः’ने जोराचं काम उचललं. ‘शब्दशः भाषांतर’ म्हणतो तेव्हा कोणी अतिशयोक्ती समजत नाही; ‘अक्षरशः तारांबळ उडाली’ म्हणतो तेव्हा कोणी अक्षरं मोजत नाही. इंग्रजीत दोन्ही ओझी एकाच शब्दावर आहेत.

आता आपल्या विषयाकडे, कारण या गोंधळाचं सर्वांत नेमकं उत्तर आपल्या काव्यशास्त्रात आहे. अकराव्या शतकात मम्मट या काव्यशास्त्रकाराने लक्षणेसाठी, म्हणजे शब्दाचा मुख्य अर्थ सोडून दुसरा घेण्यासाठी, तीन गोष्टी लागतात असं सांगितलं : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी काही संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. ‘गङ्गायां घोषः’, गंगेवर गवळ्यांची वस्ती. प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, हा बाध. काठ प्रवाहाला लागून आहे, हा संबंध. ‘काठावर’ न म्हणता ‘गंगेवर’ म्हटल्याने गारवा आणि पावित्र्य सुचतं, हे प्रयोजन.

‘लिटरली’चं मूळ काम लक्षणेला दार बंद करण्याचं : मुख्यार्थच घ्या, असा हुकूम. पण बाध इतका ढळढळीत असेल, की बोलणारी ‘मेले’ म्हणत समोर हसत उभी आहे, तर हुकूम मानता येतच नाही. ऐकणारा लक्षणेनेच अर्थ घेतो, आणि ‘लिटरली’कडे शिल्लक उरतो फक्त आवाज. म्हणून अशा वाक्यांत कोणाचीही फसगत होत नाही. कानाला त्रास होतो, समजण्यात नाही.

फसगत होते ती बाध नसेल तिथे. ‘लिटरली तीनशे माणसं रांगेत होती’ : मोजली होती, की खूप होती? ‘तो दोन दिवस लिटरली उपाशी होता’ : अन्नाचा कण गेला नाही, की नीट जेवला नाही? ‘साहेब लिटरली ओरडले’ : आवाज चढला, की शब्द कडक होते? यातली प्रत्येक गोष्ट घडू शकते, म्हणून ऐकणाऱ्यापाशी निवाडा करायला काही नाही. ‘अक्षरशः’लाही हे सगळं लागू आहे. ‘गावात अक्षरशः एकही माणूस उरला नाही’ ही बातमी असेल तर वाचकाने काय समजायचं?

प्रश्न (बेळगाव) : मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. ‘लिटरली’ दिसला की दर वेळी ‘अक्षरशः’ लिहावं का?

नको. आधी वाक्यात तो कोणतं काम करतो ते ठरवा. कामं चार आहेत.

भाषांतर, नक्कल, पाठांतर यांबद्दल असेल तर ‘शब्दशः’. अक्षराला अक्षर जुळवण्याबद्दल असेल, जसं शिलालेखाची किंवा हस्तलिखिताची नक्कल, तर ‘अक्षरशः’ किंवा ‘बरहुकूम’.

नावाचा किंवा शब्दाचा अर्थ उलगडताना येतो तेव्हा ‘शब्दार्थ’ वापरा. ‘फिलिप लिटरली मीन्स’ असं वाक्य असेल तर ‘फिलिप या नावाचा शब्दार्थ घोड्यांवर प्रेम करणारा’. इथे ‘अक्षरशः अर्थ’ लिहिलं की मराठी लंगडते. विवेचक लेखनात ‘वाच्यार्थ’ जास्त नेमका.

गोष्ट खरीच घडली आहे हे सांगायचं असेल तर ‘खरोखर’, ‘प्रत्यक्षात’ किंवा ‘खरोखरीच’. इथे ‘अक्षरशः’ टाळाच, कारण मराठी वाचक त्याला अतिशयोक्ती समजेल आणि मूळ वाक्याच्या बरोबर उलटा अर्थ पोचेल. भाषांतरांत सर्वांत जास्त नुकसान या जागी होतं. ‘द रूफ लिटरली फेल इन’ म्हणजे छप्पर खरंच कोसळलं. ‘अक्षरशः छप्पर कोसळलं’ म्हटलं की वाचक संकट समजतो, छप्पर नाही.

आणि नुसता जोर असेल तर ‘अक्षरशः’ चालेल, पण मराठीकडे त्याहून हलके शब्द आहेत : नुसता, पार, अगदी. ‘ती पार थकून गेली’, ‘तो नुसता धावत सुटला’. ‘जणू’ जपून वापरा. तो उपमा असल्याची कबुली देतो आणि जोर कमी करतो. कित्येकदा शब्द गाळून टाकला तरी वाक्याचं काही जात नाही.

अवघड जागा एकच : इंग्रजी लेखक वाक्प्रचार आणि वस्तुस्थिती यांवर कोटी करतो तेव्हा. ‘ही लिटरली गॉट कोल्ड फीट’ म्हणजे ऐन वेळी कच खाल्ली आणि पायही खरेच गारठले. ‘पाय गारठणे’ला मराठीत कच खाण्याचा अर्थ नाही. कोटी ओढून आणू नका. प्रसंगात जे खरं घडलं ते ठेवा, कोटी सोडा.

जाता जाता : ब्रिटिश छपाईच्या संदर्भात ‘अ लिटरल’ असं नाम आलं तर ती खिळा जुळवतानाची किंवा टंकातली अक्षरचूक असते.

प्रश्न (न्यू जर्सी) : मुलं अमेरिकेत ‘लिडरली’सारखं काहीतरी म्हणतात, पुण्याची भावंडं ‘लिटरली’. बरोबर कोणतं? आणि स्पेलिंगमध्ये टी किती?

दोन्ही बरोबर. अमेरिकन इंग्रजीत दोन स्वरांमधला ‘ट’ जिभेच्या हलक्या फटकाऱ्याने उच्चारला जातो आणि आपल्या कानाला ‘ड’च्या जवळचा वाटतो, ‘वॉटर’चं ‘वॉडर’ होतं तसंच. ब्रिटिश बोलण्यात मधला स्वर अनेकदा गिळला जातो आणि तीनच अवयव उरतात, ‘लिट्-र-ली’. आघात दोन्हीकडे पहिल्या अवयवावर.

स्पेलिंग : एल, आय, टी, ई, आर, ए, एल, एल, वाय. टी एक, शेवटी एल दोन, कारण ‘लिटरल’चा एक आणि ‘ली’चा एक. चुका तीन होतात. ‘लेटर’मध्ये दोन टी असतात म्हणून इथेही दोन घातले जातात. ब्रिटिश उच्चार ऐकून ई गळतो. आणि शेवटचा एल एकच राहतो. दोन टी असलेला ‘लिटर’, म्हणजे कचरा, याचा अक्षरांशी संबंध नाही; तो लॅटिनमधल्या ‘बिछाना’ या अर्थाच्या शब्दातून आला. जनावरांखाली अंथरायचं गवत, मग विस्कटलेलं गवत, मग कचरा. ‘ऑब्लिटरेट’, म्हणजे पुसून टाकणे, हा मात्र ‘लिटरली’चा सख्खा नातलग. त्यात अक्षरं पुसली जातात, आणि टी एकच.

प्रश्न (नागपूर) : मी विधी शाखेची विद्यार्थिनी. ‘लिटरल रूल’मधला ‘लिटरल’ कोणत्या अर्थाचा?

पहिल्या, कडक अर्थाचा. कायद्यातले शब्द स्पष्ट असतील तर त्यांचा नेहमीचा साधा अर्थ घ्यायचा, परिणाम गैरसोयीचा झाला तरी. १८४४ च्या इंग्लंडमधल्या ससेक्स पीअरेज प्रकरणात हे तत्त्व ठळकपणे मांडलं गेलं. ते किती दूर नेता येतं हे पाहायला १९६१ चा फिशर विरुद्ध बेल वाचा. ब्रिस्टलच्या एका दुकानदाराने दुकानाच्या दर्शनी खिडकीत किमतीच्या चिठ्ठीसह खटक्याची सुरी मांडली होती. १९५९ च्या कायद्याने अशी सुरी विक्रीसाठी ‘ऑफर’ करणं हा गुन्हा होता. पण करारकायद्यात दुकानातली मांडणी म्हणजे ऑफर नव्हे, ते गिऱ्हाइकाने ऑफर द्यावी असं निमंत्रण. दुकानदार सुटला. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने दुरुस्ती करून विक्रीसाठी मांडणंही गुन्ह्यात घातलं. कायद्याचा हेतू पाहून अर्थ लावणारा ‘मिसचिफ रूल’ त्याहून कितीतरी जुना, १५८४ च्या हेडनच्या खटल्यातला. परीक्षेत दोन्ही शेजारी ठेवून लिहा.

प्रश्न (पणजी) : ऑफिसच्या इंग्रजी अहवालात आणि मेलमध्ये हा शब्द चालतो का?

काटेकोर अर्थाने चालतो, जोरासाठी नको. वापरलाच असेल तर पाठवण्यापूर्वी तो झाकून वाक्य वाचा. अर्थात फरक पडत नसेल तर काढून टाका. फरक पडत असेल तर वाक्यातली गोष्ट शब्दार्थाने घडली आहे का ते पाहा. नसेल तर ‘ऑलमोस्ट’ किंवा ‘व्हर्च्युअली’ घाला. आकड्यापुढे असेल तर शब्द काढा आणि नेमका आकडा द्या : ‘लिटरली शेकडो तक्रारी’पेक्षा ‘२१४ तक्रारी’ केव्हाही बरं. राहिलाच तर ज्या शब्दाबद्दल आहे त्याच्या लगेच आधी ठेवा. वाक्याच्या सुरुवातीला ठेवला की तो हटकून नुसत्या जोराचा वाटतो.

प्रश्न (सांगली) : ‘अक्षरशः’ टाइप करताना शेवटी कोलन दिलं तर बिघडतं का?

दिसायला फारसं नाही, शोधायला नक्की. विसर्ग हे देवनागरीतलं स्वतंत्र चिन्ह आहे, कोलन हे विरामचिन्ह. कोलनने लिहिलेला शब्द संगणकाच्या दृष्टीने ‘अक्षरश’ आणि पुढे विराम असा दोन तुकड्यांचा असतो. ‘अक्षरशः’ शोधलं तर तो सापडत नाही, आणि शब्दतपासनीस त्याखाली लाल रेघ ओढतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून शून्याशेजारची हायफनची कळ दाबा, विसर्ग येतो. जुन्या मजकुरात अशी कोलनं राहिली असतील तर ‘श’ आणि त्याला चिकटलेलं कोलन ही जोडी शोधून एकेक पाहत बदला. सरसकट बदललंत तर ‘उद्देश:’ असं शीर्षक देऊन पुढे मजकूर लिहिलेला असेल, तिथेही विसर्ग बसेल.